बालीला जाण्याची कारणं

४ नोव्हेंबर, मंगळवार

आमच्या शेठनी, मगनभाईंनी, फोटो दाखवला आणि माझं लाटणं थांबलं. बाली नावाचं बेट. चहूकडे समुद्र, मधे आग ओकणारा डोंगर, शेंड्यावर धूर — आणि खाली सगळं हिरवंगार! भाताची शेतं पायऱ्या-पायऱ्यांनी उतरलेली. जे जळून जायला हवं ते इतकं हिरवं कसं?

मार्चमध्ये टूर न्यायची म्हणतात. मगनभाईंच्या टूरबरोबर स्वयंपाकघरही जातं, म्हणजे आम्ही जातो. मी रोटलीवाली, पोळ्या लाटणारी. हरिद्वार, द्वारका, सगळं पाहिलं — रसोड्याच्या दारातून. या वेळी डोंगर दाखवायचं शेठनी कबूल केलंय. वर म्हणाले, "रंजनाबेन, मराठी गिऱ्हाइकांसाठी कारणं लिहून द्या. बालीला का जायचं?" न पाहिलेल्या गावाची कारणं मी कुठून आणू?

७ नोव्हेंबर

माझ्या लेकीने, दिपालीने, मोबाइलवर वाचून दाखवलं. गरम पाण्याचे झरे आहेत. रोज सकाळी दारापुढे पानाच्या द्रोणात फुलं ठेवतात. राखेने माती सुपीक होते, भात माजतो. डोंगर खवळला की लोक पळतात, निवला की त्याच उतारावर पेरायला परत येतात. देऊळही त्याच्याच अंगावर बांधलंय. केवढी ही माया!

पोरगी म्हणाली, "मम्मी, आपल्या खान्देशची काळी माती पण असल्याच आगीची. करोडो वर्षांपूर्वीची." पारोळ्याला त्या मातीने मी चूल लिंपलीये.

सासूबाई ऐकत होत्या. "आग ओकनारा डोंगर पाहाले जाशी? तुनं डोकं ठिकानवर शे ना?"

१२ नोव्हेंबर

माझी कारणं छापली. फोन येताहेत, पण मराठी असो की गुजराती, सगळ्यांचा एकच सवाल — "त्यां गरम रोटली मळसे ने?" तिथे गरम पोळी मिळेल ना, एवढंच; डोंगराचं कुणी विचारत नाही. शेवटी शेठनी पत्रकावर माझाच फोटो टाकला. म्हणजे बालीला जाण्याचं पहिलं कारण मी! हसून हसून पोट दुखलं.

बत्तीस माणसं झाली. एका बाईने भागणार नाही, दुसरी रोटलीवाली शोधा म्हणतात.

२१ नोव्हेंबर

पासपोर्ट अडला.

जन्मतारखेसाठी मी शहाण्यासारखा शाळेचा दाखला पुढे केला. त्यावर चंचल. आधारवर रंजना. खिडकीतला म्हणाला, "ये दो औरतें कौन हैं?" त्याला काय सांगू? लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने नवं नाव लिहिलं. थोरल्या जाऊबाई चंचलच होत्या, घरात दोन चंचल कशा चालतील, म्हणून सासूबाईंनी मला रंजना केलं. तेवीस वर्षं झाली. ते तांदूळ तर तेव्हाच शिजवून खाल्ले.

पुरावा लागेल. शेठ गोड बोलले, पण महिन्याभरात नाही झालं तर माझ्या जागी दुसरी बाई नेणार. त्यांचं तरी काय चुकलं? रडू आलं मला. त्या डोंगराचं वेडच लागलंय.

२२ नोव्हेंबर

आमच्या कोसाडच्या वस्तीत आज नळाला पाणी उशिरा. दोन हंडे भरून कामावर गेले.

२८ नोव्हेंबर

वकिलाने सांगितलं, प्रतिज्ञापत्र करा, आणि नाव बदलताना हजर होता असा कुणीतरी आणा. पारोळ्याहून कोण येणार? घरी येऊन तसंच सांगितलं. सासूबाई उठल्या, नवं लुगडं नेसल्या. रिक्षा करून निघालो. वकिलापुढे माझा दंड धरला नि म्हणाल्या, "हाईच ती चंचल. नाव मीच बदलेल शे." आणि अंगठा उठवला.

चंचल! इतक्या वर्षांनी, तेही त्यांच्या तोंडून. शाई पुसायला माझाच पदर दिला.

१६ डिसेंबर

पासपोर्ट आला. फोटोत मी घाबरलेली दिसते. सासूबाईंनी तो उलटा-सुलटा करून पाहिला, देवापुढे ठेवला. मग डोंगराचा फोटो मागितला. बराच वेळ बघत होत्या. "रातले बी दिसस का हाऊ धूर?"

मी म्हटलं, पाहून सांगते.

१७ डिसेंबर

दुसरी रोटलीवाली मिळाली. मला लाटायला जिने शिकवलं तीच. सकाळी चहा देताना सासूबाई म्हणाल्या, "मना बी कागद करी दे." त्यांच्या पासपोर्टचा फॉर्म भरायला बसले, सवयीने सरलाबाई लिहिलं. त्यांनी हात धरला. "माहेरनं नाव बी टाक. सुंदरा."

हे नाव घरात कुणालाच माहीत नव्हतं.