तुझे तीन खोके

प्रिय गौरवी,

अनेक आशीर्वाद. हातात मोबाईल असताना म्हातारीला पत्राची हौस कुठून आली, असं म्हणशील. अगो, फोनवर मी आधी रडते आणि मग भलतंच बोलते, हे तुझ्याहून जास्त कोणाला ठाऊक? म्हणून कागद घेतला. सावकाश वाच, आणि वाचून झाल्याबरोबर फोन करू नकोस.

आपलं पेडण्याचं घर रिकामं झालं. वासे वाळवीने इतके पोखरले होते की सुताराने बोट घातलं तर आत नुसता भुसा. घर फिरलं की वासे फिरतात म्हणतात, आमच्याकडे वाशांनीच सुरुवात केली. छप्पर उतरवून नवीन चढवायचं म्हणजे वर्ष गेलं. तोवर मी आणि तुझे बाबा म्हापशाला दोन खोल्यांत राहणार. सामान तिथे कुठे मावायला! थिवीच्या वाटेवर एक मोठी शेड झालीय, तिथे नुसतं सामान ठेवायला खोल्या भाड्याने देतात. कुलूप आपलं, किल्ली आपली. तुझे बाबा म्हणाले, बरं झालं, आपल्यापेक्षा आपल्या कपाटांना मोठी खोली मिळाली.

पण त्यांचे नियम काय सांगू! धान्य नको, तेल नको, लोणचं नको, ओलं काही नको, आणि प्रत्येक खोक्यावर नाव घालून आत काय आहे त्याची यादी. आठ दिवस मी अंगणात संसार वाळत घातला होता. गाद्यांना ऊन दिलं, तांब्यापितळेची भांडी चिंचेने घासून कोरडी केली, चादरींच्या घड्यांत कडुलिंबाचा सुका पाला घातला. बशा वर्तमानपत्रात गुंडाळायचं काम तुझ्या बाबांना दिलं, तर ते प्रत्येक कागद आधी वाचून काढायचे. दोन दिवसांत सहा बशा! लोणच्याच्या बरण्या शेजारच्या सेजलला दिल्या. माटोळीची चौकट मात्र मी शेडमध्ये दिली नाही. गणपतीच्या डोक्यावर फळं-फुलं बांधायची ती चौकट अंधारात कशी ठेवू? ती म्हापशाला माझ्या खाटेखाली आहे.

तुझी आणि रुद्रेशची खोली मी शेवटी उघडली. दर चवथीला तू गणपतीसाठी येतेस, त्याचे शर्ट झटकतेस, पुन्हा तशाच घड्या घालून ठेवतेस आणि माहेरची, लाटंबार्सेची बस पकडतेस. पाच वर्षं मी दारात उभी राहून ते बघते. खरं सांगू? मला ते बघायला बरं वाटायचं. चार दिवसांच्या तापाने माझा रुद्रेश गेला, पण त्याच्या घड्या घालणारं माणूस आहे, म्हणजे तो अजून थोडा घरात आहे, असं वाटायचं.

तर तुझं सामान मी भरलं. लग्नातला शालू पांढऱ्या मलमलीत गुंडाळला. तुझी पुस्तकं, भरतकामाची चौकट, तुझ्या आईने, मालतीताईंनी दिलेली समई, तो निळा कप, ज्याला रुद्रेशने कान तोडला आणि मांजरावर ढकललं. तीन खोके झाले. माझ्या स्वतःच्या वस्तू मी इतक्या जपून बांधल्या नाहीत. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं, गौरवी रुद्रेश परब. परत येशील तेव्हा सगळं जागच्या जागी मिळेल, असं मनाशी म्हणत होते.

महादेवाचा टेम्पो शेडपाशी लागला. सगळं उतरलं, बाकीचं आत गेलं, आणि तुझे बाबा बाहेर तुझ्या तिसऱ्या खोक्यावर बसले ते उठेचनात. गुडघा धरला असेल म्हणून मी हात दिला, तर हात बाजूला केला. जो माणूस आमटीत मीठ नसलं तरी बोलत नाही, तो म्हणाला, सुमंगला, हे आपलं नव्हे. तीन वर्षं त्या पोरीवर एक कुलूप आहेच, आता दुसरं घालू नकोस. महादेव बिडी ओढायच्या निमित्ताने रस्त्यापलीकडे गेला. मी भर उन्हात तिथेच उभी राहिले. मला खूप राग आला, बाय. खरं ऐकलं की येतो तसा.

कारण ते पहिलं कुलूप मीच घातलं होतं. तीन वर्षांपूर्वी वाळपईचं स्थळ आलं होतं आणि तू मला विचारायला आली होतीस. विचारायला! तुला काय गरज होती? मी पदराने डोळे पुसत म्हटलं, तू गेलीस तर माझा रुद्रेश दुसऱ्यांदा जाईल. ते दुःखात तोंडातून निसटलं, असं मी मालतीताईंना सांगितलं. खोटं सांगितलं. तुझ्या पिशवीतून फोटोचं पाकीट डोकावताना मला दिसलं होतं, आणि ते पाकीट बंद राहावं म्हणून मी तसं बोलले. तू उठलीस आणि चुलीवर चहा ठेवलास. तो चहा मी प्यायले, गो. अजून घशात आहे.

गेल्या सोमवारी मालतीताईंचा फोन आला होता. त्यांनी तुझी तक्रार केली नाही, नुसतं सांगितलं. साखळी गावचा निलेश, शाळेत शिकवतो, दोनदा घरी येऊन गेला. तो गेल्यावर तू काजूच्या बिया सोलताना गुणगुणत होतीस. आणि दुसऱ्या दिवशी नको म्हणालीस. का, तर म्हणे पेडण्याच्या आईला सोसवणार नाही.

म्हणून हे पत्र. मला सोसवेल. रडेन, आणि सोसवेल. तुझे तिन्ही खोके आम्ही परत आणले, शनिवारी महादेव ते लाटंबार्सेला पोचवील. वरचं नाव मी खोडलंय, नुसतं गौरवी ठेवलंय. पुढचं तू लिही. रुद्रेशचे शर्ट माझ्यापाशी राहू देत, त्यांच्या घड्या आता मी घालीन, ते आईचं काम आहे. आणि एक मागते, नाही म्हणू नकोस. लग्नानंतरच्या पहिल्या चवथीला मुलीच्या सासरी माहेराहून वजें जातं. मालतीताईंना सांग, फळं, लाडू त्यांनी पाठवावेत, पण टोपलीतल्या खोबऱ्याच्या सारणाच्या नेवऱ्या माझ्या हातच्या असतील. साखळीला मी स्वतः घेऊन येईन, मुलीच्या घरी जावं तशी. माझ्या नेवऱ्यांचे काठ तळताना सुटतात, हे निलेशला आधीच सांगून ठेव.

तुझीच,
पेडण्याची आई