चिमीचा पाट

आश्विन शुद्ध अष्टमी, इंदूर

चिमीच्या इंजेक्शनची कुपी आली, बर्फासकट दोनशे दहा रुपये. कुमारिकेसाठी बांगड्या, तीन रुपये.

बांगड्या माझ्या चिमीलाच घातल्या. सकाळी जाऊबाई म्हणाल्या, "बुरा मत मानना, पण केस गेलेली, डोलत चालणारी मुलगी कुमारिका म्हणून कशी बसवायची?" मी म्हटलं, "माझ्या घरी बसवते. देवी काय केस मोजते?"

डॉक्टर सांगतात, डोक्यामागचा लहान मेंदू या वयात वाढत असतो. रक्ताचा कॅन्सर मारणारं औषध तिथल्या मज्जातंतूंना सांभाळणाऱ्या पेशींनाही इजा करतं, म्हणून तोल जातो. मिल बंद झाल्यापासून हे घरीच. पोरीचं डोलणं बघून म्हणतात, औषध थांबवू या. का थांबवू? भीती मलाही वाटते. पण डोलते म्हणजे आहे ना! पाटापर्यंत डोलतच आली, पडली, हसली, पुन्हा उठली. मी तिचे पाय धुतले, पोटच्या पोरीला वाकून नमस्कार केला.

उद्या मुंबईच्या दादाला लिहायचं: औषध चालूच राहणार. डोलणं पुढे बरं होतं का, एवढंच तिथल्या मोठ्या डॉक्टरांना विचार आणि उलट टपाली कळव.