कागदाची पाठ

प्रिय बाबा,

सप्रेम जयभीम.

रविवारी तुमचा पहिला स्मृतिदिन. पत्रिका मीच केली, लकडगंजच्या माझ्या डीटीपीच्या दुकानात, आणि काल आईने ती नापास केली. आता ही तक्रार तुमच्याकडे नाही तर कोणाकडे करू?

त्याचं असं झालं. हल्ली टाईपरायटरसारख्या अक्षरांची फॅशन आली आहे. चहाच्या दुकानाचं मेनूकार्ड, पोरांचे टी-शर्ट, सगळीकडे तेच. परवा एक नवरदेव म्हणाला, "ताई, लग्नाची पत्रिका कोर्टाच्या जुन्या कागदासारखी दिसली पाहिजे." कोर्टाबाहेर तुमच्या टाईपिंगच्या टेबलापाशी लोक घाम पुसत उभे राहायचे, आणि याला त्याच अक्षरात लग्न लावायचंय!

तेव्हाच ठरवलं, तुमची पत्रिकाही अशीच करायची. पण बाजारातला फॉन्ट तुमच्यासारखा कुठला असायला? तुमच्या मशीनची शिरोरेषा अक्षरागणिक तुटायची, वेलांटी वर उडी मारायची, 'ब'च्या पोटात शाई भरायची. तुमचे कागद स्कॅन करून मी एकेक अक्षर तसंच बनवलं. जन्मभर तुम्ही ती रेषा जुळवायला धडपडलात, आणि मी कॉम्प्युटरवर बसून मुद्दाम तोडत होते. पाहिलं असतं तर म्हणाला असता, "काहून चांगलं काम खराब करून राहिली वं?"

आईला आता अक्षर दिसत नाही, बाबा. तिने पत्रिका उलटी केली, पाठीवरून बोटं फिरवली. मग पुन्हा फिरवली.

"हे तं सपाट हाय वं. तुह्या बाबाचा हात कुठी हाय याच्यात?"

मी हे विसरले कशी? बिघडलेले कागद तुम्ही घरी आणायचे, स्वयंपाकघरातल्या फळ्यांवर अंथरायला. अंथरता अंथरता आई कागदाच्या पाठीवर उठलेल्या अक्षरांवरून हात फिरवायची. "आज वकीलसाहेबासंग वाजलेलं दिसते," म्हणायची, आणि तुम्ही हात धुता धुता लाजायचे. रागात तुमचा अनुस्वार कागदाला आरपार भोक पाडायचा. मला तेव्हा फक्त पुढची बाजू दिसत होती.

तुम्हीही कमाल केलीत. मला कॉम्प्युटरच्या क्लासला घातलं, पण मशीनला बोट लावू दिलं नाही. "त्याचा जमाना गेला." गेला कुठे? दिवाणाखालीच तर होता.

आज तो बाहेर काढला. इतवारीतल्या एका दुकानदाराने माळ्यावर चढून रिबन शोधून दिली. माझी बोटं दोन-दोन बटणं एकदम दाबतात, अक्षरांच्या काड्या एकमेकींत अडकतात, आणि ती टकटक ऐकून आई आतून विचारते, "कोण हाय गा?" मग स्वतःच म्हणते, "सुजूच हाय."

बाकीच्यांना छापलेली पत्रिका जाईल. आईची मी टाईप करीन. रेषा तुटेल, चुका होतील. पण तुमचं नाव जोरात मारीन, बाबा, तिच्या बोटाला लागेल इतकं.

तुमची,
सुजू