सगळ्यांना विळी दिसली, मांडीवरची पोर दिसली नाही

माय,

तुला वाचता येत नव्हतं, तरी मी लिहायलेय. समोर असतीस तर माझा आवाज चढला असता आणि तू पदराआडून म्हणाली असतीस, "हळू बोल गं, लोकं ऐकतेत." आता ऐकू दे लोकांना! गेल्या आठवड्यात मी मोठ्या आईच्या, तुझ्या थोरल्या जावेच्या, ओसरीवर चार बायांसमोर बोलून आले. जे बोलले ते खरं तर सगळ्यांत आधी तुला कळायला पाहिजे होतं. तू ग्रहणात विळीवर बसलीस म्हणून मी बहिरी झाले नाही. नाही झाले. तू जन्मभर जे डोक्यावर वाहिलंस ते खोटं होतं, आणि ते आपल्याच घरच्यांनी तुझ्या डोक्यावर ठेवलं होतं.

तो दिवस मला पाठ आहे, कारण तू तो इतक्या वेळा सांगितलास. मी तुझ्या पोटात, तिसरा महिना नुकता लागलेला. दिवसाचं ग्रहण लागलेलं. मोठ्या आईची धाकटी पोरगी तापानं फणफणलीय, अंगभर बारीक लाल पुरळ. घरात बाई आलीय म्हणून दाराला लिंबाचा डहाळा खोचलाय, चुलीवर फोडणी बंद आहे. बाई म्हणजे देवी, आणि जिच्या अंगात देवी आलीय त्या लेकराला कशालाच नाही म्हणायचं नसतं. ती पोर दुसऱ्या कुणाकडं जाईना, तुझ्याच मांडीवर लोळायची, तुझ्याच पदराला नाक पुसायची. तिला वाळूक पाहिजे होतं. तू एका हातानं तिला धरलंस, दुसऱ्या हातानं विळी ओढलीस आणि वाळकाच्या दोन फोडी केल्यास. तेवढ्यात आजी आत आली आणि दारातच किंचाळली. पोटुशी बाई ग्रहणात चिरते म्हणजे काय! मग सगळं घर गोळा झालं. सगळ्यांना विळी दिसली. मांडीवरची पोर कुणालाच दिसली नाही.

पुढं पंधरा-वीस दिवसांनी तुझ्याही अंगावर तसंच बारीक उठलं, कानामागं गाठी आल्या, आणि तीन दिवसांत सगळं गेलं. हे तू मला हसून सांगायचीस. "बाई मला नुसती शिवून गेली बग. लय सोसावं न्हाई लागलं." मी जन्मले, बाहेर थाळी वाजवली, मी दचकले नाही. डाव्या डोळ्यात पांढरं दिसत होतं. आजीला कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. ग्रहणातली विळी तिच्याकडं तयारच होती.

त्यानंतर एकही ग्रहण तू घरात काढलं नाहीस. सोनपेठहून यष्टीनं गंगाखेडला जायचीस, मला घाटाच्या पायरीवर बसवायचीस आणि गोदावरीत कमरेएवढ्या पाण्यात उभी राहायचीस. लुगडं अंगाला चिकटलेलं, हात जोडलेले, ओठ हलतायत. मला आवाज यायचा नाही, पण तुझे ओठ मला वाचता यायचे. "माझ्या हातनं झालं, तिला कशाला शिक्षा देतूस." तेच तेच, पाण्यातून बाहेर येईपर्यंत. मला तेव्हा त्या नदीचा राग यायचा, देवाचा यायचा, आणि सगळ्यांत जास्त तुझा यायचा. आपली माय चोर असल्यासारखी कुणापुढं तरी उभी आहे हे कुठल्या लेकराला बघवतं?

आठवीत असताना मी मुद्दाम ग्रहणात कांदा चिरायला बसले होते, आठवतं? तू धावत येऊन विळी हिसकावलीस आणि मला थोबाडीत मारलीस. पहिली आणि शेवटची. मग माझ्याऐवजी तूच रडत बसलीस. मी ओरडले, "ग्रहणानं काय होत न्हाई!" तू माझी हनुवटी धरून तोंड स्वतःकडं वळवलंस आणि एकेक शब्द सुटा करून म्हणालीस, "तू हायस न्हवं माझ्यासमोर?" म्हणजे पुरावा मी! मी खाते, पिते, शाळेत पहिली येते, चित्रं काढते, आणि माझ्या मायीसाठी मी तिच्या गुन्ह्याचा पुरावा. तो राग माझा अजून गेलेला नाही, सांगून ठेवते.

पण ओठ वाचायला तूच शिकवलंस. भाकरी थापताना तोंड माझ्याकडं करून बोलायचीस, कितीदा भाकरी करपली त्यापायी. "माझ्या तोंडाकडं बग. प. म. ब. पानी. माय. बापू." शाळेतल्या बाईंना जमलं नाही ते तू चुलीपुढं बसून केलंस. आज मी पोरांना चित्रकला शिकवते, कानाला मशीन आहे, त्यातून निम्मं ऐकू येतं. उरलेलं निम्मं मी तुझ्यामुळं ऐकते.

तू गेल्यावर परभणीला मशीन बसवायला गेले, तेव्हा डॉक्टरबाईंनी आधी माझा कान बघितला, मग ऑपरेशन झालेला डोळा बघितला आणि विचारलं, "आईला दिवस गेलेले असताना अंगावर काही उठलं होतं का?" मी तुझी गोष्ट सांगितली, तुझ्यासारखीच हसत. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, हा रुबेला. गोवरासारखा दिसतो, मोठ्या माणसाला फारसा त्रासही देत नाही. ज्या बाईला लहानपणी होऊन गेला असेल तिचं रक्त त्याला ओळखतं, आला की दारातच धरतं, आणि त्या ओळखीची शिदोरी पोटात बाळाला पोसणाऱ्या वारेतून त्यालाही मिळते. पण ज्या बाईला तो पहिल्यांदाच गाठतो, तिच्या रक्ताला त्याची ओळख पटायला वेळ लागतो. तेवढ्यात तो वार ओलांडून बाळापर्यंत जातो. तिसऱ्या महिन्यापर्यंत बाळाचे कान-डोळे घडत असतात, तिथंच तो नासधूस करतो. "आता इतक्या वर्षांनी रक्त तपासून सिद्ध करता येणार नाही," त्या म्हणाल्या, "पण तुमचा कान, डोळा आणि ही हकीकत एकत्र ठेवली तर मला शंका नाही. यात कुणाचाच दोष नव्हता."

तू रानातल्या आखाड्यावर, शेतातल्या एकट्या खोपीत वाढलीस, माय. आजूबाजूला ना घर, ना पोरं, ना शाळा. तुला तो लहानपणी भेटणार कुठून? गावात वाढलेल्या मोठ्या आईला तो भेटून गेला असणार, म्हणून तिच्या पोरीचं सगळं करूनही तिला काही झालं नाही. तुझं अंग लढलं गं. तीन दिवसांत त्याला हाकललंस तू. फक्त माझ्यापर्यंत यायला तुझ्या फौजेला उशीर झाला. आणि एवढं होऊन तू नदीत उभी राहून माफी मागायलीस!

तर गेल्या आठवड्यात ग्रहण होतं. वेध दुपारीच लागले. मोठ्या आईच्या नातसुनेला चौथा महिना, तिला कॉटवर बसवून ठेवलं होतं, हात मांडीवर, हलायचं नाही. मी भेटायला गेले. मोठी आई तिच्या कानाशी वाकली आणि हळूच बोलली. मला ऐकू येणार नाही असं तिला वाटलं. तिचे ओठ मला सरळ दिसत होते. "हिच्या मायीनं ऐकलं न्हाई. बग पोरीचं काय झालं ते."

माझं डोकंच फिरलं. मी उठून उभी राहिले आणि सगळं सांगितलं. पुरळ, गाठी, आखाडा, वार, सगळं. नातसुनेला विचारलं, "शाळेत गोवर-रुबेलाची सुई घेतली होतीस ना?" ती म्हणाली, "हो, दंडाला." "मग त्या रोगाची भीती न्हाई तुला. ऊठ, पाणी पी, जेव, पाय मोकळे कर. आणि इथून पुढं या घरात माझ्या मायीचं नाव ग्रहणासंगं घ्यायचं न्हाई. कुणीच न्हाई!" शेजारणी माझ्याकडं बघतच राहिल्या. पोरगी खरंच उठली आणि गटागटा पाणी प्याली. माय, तुला काय सांगू, छाती भरून आली माझी.

मोठी आई मात्र खाली बघत म्हणाली, "त्या दिवशी मला कापूस येचाया जायचं हुतं. पोर मीच दिली तुज्या मायीच्या मांडीवर." मग मान वर केली. "म्हंजी माज्यामुळं झालं का गं?"

"कुणाचाच दोष नव्हता," हे डॉक्टरबाईंचं शेवटचं वाक्य माझ्या जिभेवर होतं. तू असतीस तर तिचे हात धरून कधीच बोलून मोकळी झाली असतीस. पण माझ्या डोळ्यांपुढं तू पाण्यात उभी होतीस, ओल्या लुगड्यात, इतकी वर्षं. तिनं पुन्हा विचारलं. मी मशीनला हात लावला, काही ऐकू आलं नाही असं तोंड केलं आणि चपला घालून निघाले.

हा कागद कुठं पाठवायचा नाही, म्हणून तुला सांगते. मशीन नीट चालू होतं, आणि ओठही दिसत होते.