काठावरून नाही

प्रिय ठमे,

आज तुझ्या हाताची पट्टी बदलली, असं आई म्हणाली. तू हूं की चूं केलं नाहीस म्हणे. लहानपणी नखं कापतानासुद्धा घर डोक्यावर घ्यायचीस, म्हणून ते ऐकून मला उलट धास्तीच वाटली.

कारखान्यात तुझं कटिंग मशीन बंदच आहे. त्याच्याजवळून जाताना सगळे आपोआप हळू बोलतात. अपघाताची चौकशी साहेबांनी माझ्यावर सोपवली. मी म्हटलं, "अहो, जखमी माझीच पोरगी आहे." तर म्हणाले, "म्हणूनच! तुमच्याइतका निःपक्षपाती फोरमन दुसरा नाही." खोटं कशाला सांगू, छाती फुगली माझी.

मग तुझी मशीनवरची जोडीदारीण जबाब द्यायला आली. तिनं न विचारता बटण दाबलं, असं तू जबाबात सांगितलंयस. ती म्हणते, तूच "चालू कर" म्हणालीस. मी तिच्याकडे बघत राहिलो, तेव्हा ती म्हणाली, "काका, तुम्ही तिचे वडील. माझं कशाला खरं वाटेल तुम्हाला?" तिला काढून टाकायचा कागद टाईप होऊन आलाय. फक्त माझी सही राहिली आहे.

तेव्हापासून तो 'निःपक्षपाती' शब्द टोचतोय. आई म्हणते, तटस्थ राहा, सही दुसऱ्या कुणाला करू दे. पण तटस्थ म्हणजे काठावर उभा. आणि मला तर सगळं ठाऊक आहे गं. काठावर उभं राहून त्या पोरीला बुडताना बघू?

ऑपरेशननंतर तू गुंगीतून जागी होत होतीस. माझी बाही धरून म्हणालीस, "बाबा, काम उरकायची घाई होती. पात्यावरची जाळी मीच काढली. 'चालू कर' असंही मीच म्हटलं. कुणाला सांगू नका ना." मी मान हलवली होती. आज सकाळी साहेबांना सांगून आलो, की निकाल देणारा मी नव्हे, बापाला ते जमायचं नाही. उद्या चौकशीत मी साक्षीदार म्हणून उभा राहणार आहे, आणि तू जे बोललीस ते जसंच्या तसं सांगणार आहे. तुझी नोकरी बहुतेक जाईल. माझ्याशी बोलणंही टाकशील कदाचित. पण हे तुला दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळायला नको, म्हणून लिहिलं. साक्ष झाली की थेट तुझ्याकडेच येतो. काय बोलायचंय ते तोंडावर बोल.

तुझाच, आणि उद्याही तुझाच,
बाबा