फळीच्या कडेची ओल

४ नोव्हेंबर १९६३, सावंतवाडी

मिळाली! देवदाराची फळी – मोडक्या खोक्याची, पण रेषा बघा, विंचरलेल्या केसांसारख्या. म्हापशाच्या आग्नेलची गिटार हिचीच करणार. "नाताळाक जाय म्हाका!" म्हणत तो नमुन्याला मोडकी गिटार टाकून गेलाय.

फळी दोन विटांवर आडवी ठेवली, मधोमध वजन ठेवलं. जेमतेम भाताच्या दाण्याएवढी वाकली. कोपऱ्याला धरून बोटाने ठोकली – काय नाद! कामात मदतीला असलेला मेव्हणा गुरुदास हसला. "भावोजीनू, खेळणी सोडून ह्या काय खूळ?" हसू दे.

वडिलांना, आबांना मात्र हा नाद ऐकवता येत नाही. तापात कान गेले, तेव्हापासून ते कारखान्यात पाऊल टाकत नाहीत. "लाकूड काय बोलता ता कळणा नाय, मगे थंय बसान काय करू?" जन्मभर खेळणी कातलेला माणूस! फार वाईट वाटतं.

६ नोव्हेंबर

फळीला कोणीतरी हात लावलाय. बाजारातून आलो तर कड ओली! आणि तिथेच शेजारी-शेजारी दोन बारीक खाचा. ओल मुरली की लाकूड मऊ पडतं, आवाज बसतो. हे इथे कोणाला ठाऊक? मला आणि गुरुदासला.

७ नोव्हेंबर

पुन्हा ओली. वजन ठेवल्यावर जास्त वाकली. की मलाच तसं वाटतंय? नाही. वाकलीच.

९ नोव्हेंबर

आज गुरुदासला विचारलंच. "शप्पथ घेतंय, मी हात लावूक नाय!" – आणि नजर खाली. चोराच्या मनात चांदणं! म्हटलं, फळी भिजवतोस, पकडीत धरून वाकवतोस. गिटार बिघडली की मी मुकाट खेळण्यांना बसेन, हेच ना तुझं? त्याने पटाशी खाली ठेवली आणि कट्टा गावच्या गाडीने आपल्या घरी निघून गेला.

सुभद्रा चुलीकडे बघतच बोलली, "माझ्या भावाक चोर म्हणतास? आता करा एकट्यान." जेवण गेलं नाही. ब्याद टळली, बरं झालं – असं लिहितोय खरा.

११ नोव्हेंबर

गुरुदास तिकडे कट्ट्याला, आणि कड आजही ओली!

मग सुभद्रा? भावाचा राग फळीवर काढते? छे! बायकोवर संशय घ्यायचा म्हणजे... पण घरात दुसरं आहे कोण?

कडेला गेरू चोळून ठेवलाय. हात लावणाऱ्याला रंग लागणारच. बघतोच आता!

१२ नोव्हेंबर

सुभद्रेचे हात पाहिले. स्वच्छ.

आबा पेज प्यायला बसले. ओठ गेरूने लाल! पुढचे दोनच दात उरलेत त्यांचे – माझ्या डोक्यात आत्ता उजेड पडला.

फळी आणून समोर धरली. आधी लाजले. मग कड दातांत धरली, डोळे मिटले, बोटाने ठोकली. पुन्हा ठोकली. "हाडातून येता रे! माका ऐकाक येता!" मला रडूच फुटलं.

मग फळी फिरवून नेहमीच्या जरबेने म्हणाले, "हयसर जाड आसा. तासूक होयी. धरूक माणूस होयो. गुरुदास खंय?"