आंबेकोंडचा कौल

१० ऑक्टोबर १९२६, रविवार. रत्नागिरी.

काल कौन्सिलच्या निवडणुकीचा अर्ज भरला. माझा लंगोटीयार बंडू म्हणतो, सही करताना मी घाबरलो होतो. होतो अंशतः.

सौ. वाल सोलत बसली होती. तिने विचारलं, "निवडून आलात तर मुंबईस राहायचं की इथं?" म्हटलं, दोन्हीकडे थोडं थोडं. "वाटलंच," म्हणाली नि पुन्हा वाल सोलू लागली.

दादामामाही उभे. माझे सख्खे मामा. मुंजीत ज्यांच्या कडेवर बसून गावभर मिरवलो, ते आता खादीची टोपी घालून माझ्याविरुद्ध. संध्याकाळी पेठेत गाठ पडली. "बाळ्या, पडणारेस हो! पण शुक्रवारी जेवायला ये. मामी घावन घालणार आहे." जाणार. राजकारण वेगळं, घावन वेगळं.

१३ ऑक्टोबर, बुधवार.

पेठेत सभा. नेमस्त माणसाचं मरण असं की खादीवाले म्हणतात हा सरकारचा जावई, नि कचेरीतले म्हणतात हा जहालाचा भाचा. दुसरं निदान खरं तरी आहे.

भाषण बरं झालं. 'एकीकडे सरकारच्या चुका, दुसरीकडे आपली जबाबदारी' असं रंगात आलो होतो, तोच मागून एकजण ओरडला, "ओ वकील, कुठल्या तरी एका कडेला या की!" लोक हसले. मीही हसलो, दुसरं काय करणार.

घरी सांगितलं तर सौ. म्हणते, "त्याचं काय चुकलं? आमटीत मीठ बरोबर आहे का विचारलं तरी तुम्ही अंशतः म्हणता."

१९ ऑक्टोबर, मंगळवार.

आंबेकोंड. पेठ मामांची, किनारा बहुतेक माझा, म्हणजे निकाल आंबेकोंडावर, असं बंडूचं गणित. या निवडणुकीत माझा मुनीम, सेनापती सगळं तोच. गाव लहान, पण मत देतो तो एकदिलाने.

सौ. बरोबर आली, देवीची ओटी भरायला. गाडी पऱ्याशी, गावच्या ओढ्याशी, थांबली. त्यावरचा साकव, लाकडी पूल, श्रावणात वाहून गेलेला. अजून गुडघ्याच्या वर पाणी, नि ओढ अशी की बंडू दोनदा बसला. आम्ही धोतरं सावरत 'अरे धर, अरे सोड' करत होतो, तोवर सौ. गावच्या बायकांचा हात धरून पलीकडे पोचलीसुद्धा. त्यांतल्या एकीचं वासरू गेल्या महिन्यात इथूनच वाहून गेलं म्हणे.

सभा देवळाच्या अंगणात. गावाची रीत म्हणून सुरुवात गाऱ्हाण्याच्या चालीवर केली: "बा देवी महाराजा, आज तुझ्या अंगणात हे लेकरू आलं आहे…" सगळा गाव एका आवाजात, "व्हय म्हाराजा!" मग थांबेनातच. शिक्षणाचा प्रसार झाला पाहिजे. व्हय म्हाराजा! स्वराज्य हवं, पण टप्प्याटप्प्याने. व्हय म्हाराजा! असं स्वागत उभ्या जन्मात झालं नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं.

शेवटी सखाराम गावकर उठला. गावचा मुख्य मानकरी, शब्द मोजून बोलणारा. "आमच्या साकवाचा काय ता सांगा." मी म्हटलं, ही बाब लोकल बोर्डाच्या अखत्यारीतली, तरी परिस्थिती पाहून, अनुकूलता असल्यास, प्रयत्न करता येण्यासारखा आहे.

या वेळी कुणी व्हय म्हाराजा म्हणालं नाही.

२१ ऑक्टोबर, गुरुवार.

बंडू तोंड पाडून आला. काल मामा आंबेकोंडला जाऊन आले. त्यांनाही प्रत्येक वाक्याला व्हय म्हाराजा. इतकंच नव्हे, गेल्या साली देवी टोचायला डॉक्टर गेला होता, त्यालाही व्हय म्हाराजा, नि दुसऱ्या दिवशी अख्खा गाव डोंगरावर पसार.

साकवाचं विचारल्यावर मामांनी लोखंडी पूल कबूल केला. गाव व्हय म्हाराजा म्हणाला नि मग हसला. म्हणजे विश्वास कुणावरच नाही. गावकराचा निरोप: मत कुणाला, याचा रविवारी देवीला कौल लावतो, दोघांनी यावं.

एल्‌एल्‌. बी. झालेल्या माणसाने दगडाला चिकटवलेल्या कळ्यांपुढे हात जोडून बसायचं! सौ.ला म्हटलं, माझा कौलावर विश्वास नाही.

"अजिबात?"

अंशतः आहे, म्हटलं.

२४ ऑक्टोबर, रविवार.

जे झालं ते लिहितो, कुणाला खरं वाटायचं नाही.

राघो गुरवाने देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या कळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर मी, डावी पडली तर मामा. गाऱ्हाणं झालं.  कळ्या जागच्या जागी. सूर्य डोक्यावर आला तरी एकही हलेना. मामा नि मी एकाच घोंगडीवर. पोटात कावळे. मामांनी पिशवीतून मामीच्या दशम्या काढल्या, अर्ध्या मला दिल्या. "आपण दोघेही नाही हो पटलेले देवीला," हळूच म्हणाले. मग सवयीने तपकीर ओढली.

मामांची शिंक सगळ्या रत्नागिरीला माहीत आहे. गाभारा घुमला. दोन्ही कळ्या एकदम खाली.

पुढे जो गोंधळ! कुणी म्हणे अपशकुन, कुणी म्हणे हाच कौल. राघो म्हणे पुन्हा लावतो, म्हातारे म्हणत देवीला दोनदा विचारायचं नसतं. अखेर गावकराने हात वर केला. "द्येवीन् दोघांना दिलान. आता घरटी थोरल्याचा मत मामांस, धाकल्याचा वकिलांस." गाव: व्हय म्हाराजा!

बंडू खूश. निम्मी तर निम्मी. बाकीचं किनारा भरून काढील.

सौ. देवळात नव्हतीच, पऱ्यावर बायकांत बसली होती. निघताना सगळ्या हसत तिला पोचवायला आल्या. काय बोलणं झालं विचारलं तर "बायकांचं" म्हणाली. गाडीत एवढंच बोलली, "देवीही तुमच्याच पक्षाची निघाली."

७ नोव्हेंबर, रविवार.

मामीकडून फराळाचा डबा. कडबोळी उत्तम. निरोप: मामांचा घसा बसलाय, तुझ्याकडचा ज्येष्ठमध पाठव. पाठवला. बंडू संतापला. "शत्रूचा घसा बरा करतोस?"

एक गोष्ट कुणाला सांगितलेली नाही. सगळ्यांना वाटतं, मी आपला सभ्यपणे उभा राहिलोय, आलो तर आलो. तसं नाही. मला जिंकायचं आहे. फार जिंकायचं आहे. जेवताना, कोर्टात, संध्या करताना, सारखं तेच. सौ.ला कळलं असावं. ताटात हल्ली न मागता तूप जास्त पडतं.

१६ नोव्हेंबर, मंगळवार.

मतदान. मामा नि मी एकाच बाकावर. स्वतःला मत देताना लाज वाटली. दिलं.

दुपारी आंबेकोंड आलं. थोरले, धाकटे, सगळे धुतलेली मुंडाशी बांधून. थोरले एकेक करून आत गेले नि बाहेर आले. मग धाकटे गेले, नि तसेच परत. एकजण माझ्यापुढे येऊन उभा राहिला, रडवेला. "वकीलसाहेब, आमचा नाव यादीत न्हाय म्हन्तत. आमी तुमासच देनार व्हताव."

बंडूने कपाळावर हात मारला. मत शेतसारा भरणाऱ्याला. जमीन थोरल्याच्या नावावर, सारा थोरल्याच्या नावावर. धाकट्याला मत येणार कुठून? आंबेकोंडचं मत म्हणजे सगळं थोरल्यांचं, आणि थोरल्यांचं सगळं मामांचं. हे मला तेव्हा देवळात सुचू नये! आणि मी वकील!

मामा बाकावरून हसत होते. मग माझ्याकडे बघून थांबले, तपकिरीची डबी पुढे केली. मी कधी ओढत नाही. ओढली.

१७ नोव्हेंबर, बुधवार.

सकाळी दार उघडतो तर अंगणात गावकर नि आठ-दहा माणसं. कुऱ्हाडी, दोरखंड, बाहेर दोन गाड्या.

"साकवाचा लाकूड न्यायास आलाव."

कसलं लाकूड?

"वयनींनी सांगितलनी नाय काय? मता झाली का दुसऱ्या दिशी या, परसातलो फणस देताव."

परसातला फणस! बाबांनी लावलेला. कापा जातीचा. मी वळून बघितलं. सौ. दारात उभी, पदर खोचलेला. म्हणाली, त्या दिवशी पऱ्यावर बायकांना शब्द दिला. त्यांनी विचारलं होतं, वकील पडले तर? हिने सांगितलं, पडले तरी.

मत मागितलंस का त्यांच्या घरच्यांचं?

"नाही. का मागायचं? वासरू वाहून गेलंय त्यांच्यातल्या एकीचं."

अंगणात सगळे थोरले उभे. कालचे मामांचे मतदार. मला राग आला होता, खोटं कशाला लिहू? 'परिस्थिती पाहून' एवढं जिभेच्या टोकावर आलेलंच होतं. गावकर माझ्या तोंडाकडे बघत होता, नि सौ.ही.

"न्या," म्हटलं.

कुणीतरी मागून म्हणालं, "व्हय म्हाराजा." थट्टेने नव्हे.

दुपारी फणस पडला. मामा वाटेने जात होते, टोपी काढून दोर धरायला आले. गावकराने त्यांना लोखंडी पुलाचं विचारलं. मामा खाकरले. म्हणाले, "बोर्डाचा कल पाहून… अनुकूलता असेल तर…" मी दोर सोडणारच होतो हसून.

गाड्या निघताना गावकराला बाजूला घेतलं. थोरल्यांनी कौल पाळला ना? त्याने मुंडासं नीट केलं. "ता द्येवीस नि पेटीस ठावा."

याचा अर्थ काय, बंडू नि मी दिवे लागेपर्यंत काथ्याकूट केला. लागला नाही.

१९ नोव्हेंबर, शुक्रवार.

परसात एकदम उजेड. सौ.ने तिथं वाल वाळत घातलेत. मला अजून तिकडे बघवत नाही.

निकाल उद्या अकराला, कचेरीत. आणि गावकराचा निरोप: साकव उद्याच घालतो, नारळ वकिलांच्या हातचा हवा. बंडू म्हणतो, उमेदवाराने निकालाला हजर राहिलंच पाहिजे, आंबेकोंड काय, परवाही आहे.

सौ.ने विचारलं, "मग? उद्या कुठं?"

दोन्हीकडे थोडं थोडं, म्हणणार होतो. अजून निकालच डोक्यात. जिंकायचं आहेच.

गाडी आंबेकोंडला जुंपायला सांगितली.